नावेचं नाव : ‘कयाक्टिव्हिस्ट’ या शब्दाची चिकित्सा



आजच्या व्याख्यानासाठी आम्ही एकच शब्द घेतला आहे, आणि तोही परका. शब्द आहे ‘कयाक्टिव्हिस्ट’. कयाक म्हणजे एका-दोघांची, लांबट, अरुंद, वल्ह्याने हाकायची होडी. ॲक्टिव्हिस्ट म्हणजे आपल्याकडे ज्याला चळवळीतला कार्यकर्ता म्हणतात तो. दोन्ही एकमेकांत मिसळले आणि ‘होडीत बसून निषेध करणारा’ या अर्थाचा एक शब्द तयार झाला.

आता ताडकळसला, समुद्रापासून इतक्या लांब, या शब्दाची चर्चा कशाला, असं कोणी विचारलं तर ते रास्त आहे. पण हे गाव पूर्णा तालुक्यातलं. पूर्णा आणि गोदावरी याच तालुक्यात एकमेकींना भेटतात. पाणी आणि पाण्याचं भांडण आपल्याला नवीन नाही. शिवाय मराठीत एक गंमत आहे. होडी म्हणजे नाव, आणि ज्याने हाक मारतात तेही नावच. पहिलं संस्कृतातल्या ‘नौ’वरून आलं, दुसरं ‘नाम’वरून. दोघांचं कूळ वेगळं, पण आपल्या तोंडात ते एक झाले. तेव्हा आज नावेच्या नावाविषयी बोलू. आमचा मुद्दा आधीच सांगून टाकतो : आंदोलनाला जे नाव दिलं जातं, त्या नावातच ते आंदोलन कुठपर्यंत जाणार आणि कसं संपणार हे बरंचसं लिहिलेलं असतं. ही गोष्ट परक्या शब्दावर आधी तपासू आणि मग आपल्या शब्दांकडे येऊ. आपल्याकडचा एक शब्द आम्हाला फार दिवस टोचतो आहे.

आधी प्रसंग. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर सिॲटल नावाचं शहर आहे. शेल या तेल कंपनीला अलास्काच्या उत्तरेला, आर्क्टिक समुद्रात, तेलासाठी विहीर खोदायची होती. त्यासाठी ‘पोलर पायोनियर’ नावाचा एक प्रचंड तरंगता खोदकाम-मंच १४ मे २०१५ रोजी सिॲटलच्या बंदरात आणला गेला. दोन दिवसांनी, १६ मे रोजी, शेकडो माणसं आपापल्या कयाक आणि इतर छोट्या होड्या घेऊन त्या खाडीत उतरली. एका बाजूला कित्येक मजली उंचीचा पोलादी डोलारा आणि खाली पाण्यावर पिवळ्या, लाल, निळ्या ठिपक्यांसारख्या होड्या. ते छायाचित्र जगभर छापलं गेलं आणि त्याच्याबरोबर ‘कयाक्टिव्हिस्ट’ हा शब्दही जगभर गेला. त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस पोर्टलँड शहरात शेलच्या मोहिमेतलं ‘फेनिका’ हे बर्फ फोडणारं जहाज अडवायला १३ माणसं पुलावरून दोरांना लटकली आणि खाली नदीत पुन्हा कयाक उतरल्या. जहाज एकदा माघारी फिरलं आणि नंतर निघून गेलं. २८ सप्टेंबर २०१५ रोजी शेलने अलास्काच्या समुद्रातला तेलशोध थांबवत असल्याचं जाहीर केलं. तोपर्यंत सुमारे ७ अब्ज डॉलर खर्च झाले होते. विहिरीत पुरेसं तेल-वायू सापडलं नाही, हे त्यांनी दिलेलं मुख्य कारण. होड्यांनी कंपनीला हरवलं असं म्हणणं म्हणून चुकीचं ठरेल. होड्यांनी एवढं केलं की जी गोष्ट कोणाच्या लक्षातही न येता घडली असती, ती सगळ्यांना दिसली.

आता शब्दाची घडण बघू.

इंग्रजीत दोन शब्द कापून, त्यांचे तुकडे जुळवून एक करायची जुनी खोड आहे. ब्रेकफास्ट आणि लंच मिळून ब्रंच. मोटर आणि हॉटेल मिळून मोटेल. लुईस कॅरलने १८७१ च्या आपल्या पुस्तकात अशा शब्दांना प्रवासी पेटीची उपमा दिली, दोन कप्प्यांची पेटी जी मिटली की एक होते. तेव्हापासून तिकडे या शब्दांना त्या पेटीचंच नाव आहे.

आपल्याकडे शब्द जोडायची रीत निराळी. आपण समास करतो. समासात दोन्ही शब्द सहसा शाबूत राहतात, गळतात ते प्रत्यय. ‘राजवाडा’ म्हटलं की राजा कळतो, वाडाही कळतो. ‘ब्रंच’मध्ये मात्र दोन्ही शब्दांचे हातपाय तोडलेले. म्हणून असे शब्द आपल्या कानाला थोडे उपरे वाटतात.

पण ‘कयाक्टिव्हिस्ट’ची गोष्ट वेगळी आहे. कयाकचा शेवट ‘आक्’ असा होतो आणि ॲक्टिव्हिस्टची सुरुवात ‘ॲक्’ अशी होते. एकाचं शेपूट तेच दुसऱ्याचं तोंड. दोन शब्द एकमेकांजवळ ठेवले की मधला ध्वनी सामाईक होतो. कोणताच शब्द मोडत नाही, दोन्ही पूर्ण ऐकू येतात. आपल्या व्याकरणात याच्या सगळ्यात जवळची गोष्ट म्हणजे संधी. सत्य अधिक आग्रह, अ आणि आ मिळून आ, सत्याग्रह. तिथेही मधला स्वर दोघांचा होतो. म्हणजे ध्वनीच्या बाजूने बघितलं तर हा परका शब्द आपल्या ‘सत्याग्रहा’चा दूरचा भाऊ लागतो. विग्रह करायचाच तर ‘कयाकमधला कार्यकर्ता’, सप्तमी तत्पुरुष. शाळेत व्याकरण शिकलेल्यांना हे लगेच पटेल.

आता दोन्ही घटकांची कुळं. ‘कयाक’ हा उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांचा शब्द, मूळ उच्चार ‘कयाक्’ किंवा ‘कायाक्’च्या जवळचा. लाकडाच्या किंवा हाडाच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून केलेली शिकाऱ्याची होडी. पोट भरायचं साधन. तीच पुढे युरोप-अमेरिकेत हौसेची, खेळाची झाली आणि प्लास्टिकची झाली.

‘ॲक्टिव्हिस्ट’ची जन्मकथा तत्त्वज्ञानाच्या लोकांना आवडेल अशी आहे. ‘ॲक्टिव्हिझम’ हा शब्द इंग्रजीत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तत्त्वज्ञानातून आला. १९०८ चं साहित्याचं नोबेल मिळालेले जर्मन तत्त्ववेत्ते रुडोल्फ ऑयकेन स्वतःच्या भूमिकेला ‘क्रियावाद’ अशा अर्थाचं नाव देत असत. सत्य नुसतं विचाराने सापडत नाही, ते जगून, झगडून मिळवावं लागतं, असा त्या भूमिकेचा गाभा. मग पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या सुमारास, ‘ॲक्टिव्हिस्ट’ हा शब्द स्वीडनमधल्या एका गटासाठी वापरला गेला. तो गट तटस्थता सोडून युद्धात उतरा म्हणत होता. बघा, आज ज्या शब्दाचा शांततेशी इतका संबंध वाटतो, तो राजकारणात आला तो युद्ध मागणाऱ्यांसाठी. शब्द जन्माने पवित्र नसतात. वापराने होतात, आणि वापरानेच बिघडतात.

१९९० च्या दशकात संगणकात शिरून निषेध करणाऱ्यांना ‘हॅक्टिव्हिस्ट’ म्हणू लागले. तिथेही ‘ॲक्’ हा ध्वनी सामाईक. म्हणजे साचा तयार होता. पुढे नुसतं बटण दाबून निषेध नोंदवण्यालाही तसंच एक नाव मिळालं. कोणताही शब्द आत टाका आणि ‘-टिव्हिस्ट’ बाहेर काढा.

मग हा शब्द पहिल्यांदा कोणी काढला? असा प्रश्न हटकून विचारला जातो. आमच्या मते हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. साचा तयार, ध्वनी जुळलेला, प्रसंग समोर. अशा वेळी दहा ठिकाणी दहा जणांच्या तोंडून तोच शब्द निघू शकतो. पिकलेलं बोर कोणत्या वाऱ्याने पडलं हे विचारण्यात फारसा अर्थ नाही. विचारायचा प्रश्न हा की ते त्याच वेळी का पिकलं?

कारण कृती तर फार जुनी आहे. एक उदाहरण आपल्या उपखंडाशी जोडलेलं आहे. १९७१ सालचा जुलै. पूर्व पाकिस्तानात कत्तल चालू होती, निर्वासितांचे लोंढे भारतात येत होते, आणि अमेरिकेतून पाकिस्तानला शस्त्रसामग्री जातच होती. तेव्हा बाल्टिमोर बंदरात ‘पद्मा’ नावाचं पाकिस्तानी जहाज यायचं होतं. क्वेकर पंथाची आणि त्यांच्याबरोबरची काही माणसं डोंगीसारख्या कनू आणि कयाक घेऊन त्या अजस्र जहाजाच्या वाटेत उतरली. त्यांना अटक झाली. जहाज थांबलं नाही. पण बातमी पसरली आणि पुढे गोदी कामगारांच्या संघटनेने पाकिस्तानसाठीची युद्धसामग्री जहाजावर चढवायला नकार दिला. त्या चळवळीतल्या रिचर्ड टेलर यांनी नंतर या सगळ्यावर ‘ब्लॉकेड’ नावाचं पुस्तक लिहिलं. बांगलादेशासाठी परक्या देशातल्या माणसांनी वल्ही मारली, आणि त्यांना तेव्हा ‘कयाक्टिव्हिस्ट’ कोणी म्हटलं नाही. कृती होती, नाव नव्हतं.

२०१५ मध्ये नाव लागलं, कारण तोवर बातमी एका ओळीत आणि एका चित्रात मावावी लागत होती. हा शब्द मथळ्यात मावतो, चित्राखाली शोभतो आणि ऐकणाऱ्याला हसू आणतो. त्याचं यश तिथे आहे. त्याची खोट मात्र कुठे आहे?

पहिली खोट अशी की तो साधनाचं नाव घेतो, कारणाचं घेत नाही. सत्याग्रही म्हटलं की कशासाठी ते नावातच आहे. कयाक्टिव्हिस्ट म्हटलं की कशात बसून एवढंच कळतं. उद्या तेलाच्या बाजूने कोणी कयाक घेऊन उतरला तर त्यालाही व्याकरण हेच नाव देईल.

दुसरी खोट जास्त गंभीर. हा शब्द काही माणसं झाकतो. सिॲटलच्या त्या ताफ्यात पुढे होते ते तिथले मूळ रहिवासी, डुवामिश आणि इतर जमातींचे लोक, त्यांच्या परंपरागत लांब कनूंमधून. शहराचं नावच मुळी डुवामिश आणि सुक्वामिश लोकांच्या एका प्रमुखाच्या नावावरून पडलेलं. त्यांच्या होड्या कयाक नव्हत्या. ते हौसेने पाण्यात आले नव्हते, ते पिढ्यान् पिढ्या त्याच पाण्यावर होते. पण मथळ्यात नाव लागलं खेळाच्या होडीचं. आणि ‘कयाक’ हा शब्द ज्यांचा, ते आर्क्टिकचे इनुइट, ज्यांच्या समुद्रात विहीर खोदली जाणार होती, ते या शब्दात फक्त अर्ध्या शब्दापुरते उरले.

टीकाकारांनी तिसरी खोट काढली, ती आम्हाला पटत नाही. ते म्हणाले, यांच्या कयाक प्लास्टिकच्या, प्लास्टिक तेलापासून होतं, मग तेलाला विरोध कसा करता? तर्कशास्त्रात हा नेहमीचा दोष आहे. मुद्द्याचं उत्तर न देता बोलणाऱ्याकडे बोट दाखवायचं. उसाच्या भावासाठी भांडणारा शेतकरी साखर घालून चहा पितो, म्हणून त्याची मागणी खोटी ठरत नाही. प्रश्न आर्क्टिकमध्ये नवी विहीर खोदावी का हा होता, होडी कशाची केली हा नव्हता.

आता महाराष्ट्रात येऊ.

मुंबईत वरळी कोळीवाडा आहे. किनारी रस्त्याचं काम सुरू झालं तेव्हा तिथल्या मच्छीमारांच्या लक्षात आलं की समुद्रात उभ्या राहणाऱ्या पुलाच्या खांबांमधून त्यांच्या होड्या नेणं धोक्याचं होणार. आराखड्यात दोन खांबांमधलं अंतर सुमारे ६० मीटर होतं. त्यांची मागणी १६० मीटरची. २०२१ मध्ये त्यांनी आपल्या होड्या समुद्रात नेऊन कामाच्या जागेजवळ उभ्या केल्या आणि काम अडवलं. बोलणी लांबली. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने मधला एक खांब वगळून अंतर १२० मीटर करायचं मान्य केलं. मागितलं तेवढं मिळालं नाही, पण दुप्पट मिळालं. डहाणूजवळ वाढवण बंदराच्या विरोधातही मच्छीमारांनी होड्या समुद्रात नेऊन काळे झेंडे फडकवले आहेत. त्या बंदराचा जुना प्रस्ताव १९९८ मध्ये डहाणूच्या पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने नाकारला होता. नव्या प्रस्तावाचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झालं.

या माणसांना वर्तमानपत्रांनी काय म्हटलं? ‘मच्छीमार’. ‘कोळी बांधव’. नवा शब्द कोणी काढला नाही, आणि आमच्या मते ते बरोबरच झालं. दोन शब्द जोडायचे तर आधी दोन वेगळ्या गोष्टी असाव्या लागतात. सिॲटलच्या नोकरदाराची होडी वेगळी आणि त्याची चळवळ वेगळी, म्हणून जोडशब्द लागला. वरळीच्या कोळ्याची होडी हेच त्याचं पोट, तेच त्याचं घराणं आणि तेच त्याचं गाऱ्हाणं. तिथे जोडायला दुसरं काही नाही.

पण नवा शब्द नसल्याचा एक तोटाही आहे, तो सांगायला हवा. नाव नसलं की गोष्ट लक्षात राहत नाही. सिॲटलचा एक दिवस जगाला आठवतो. वरळीच्या होड्या मुंबईबाहेर किती जणांना ठाऊक आहेत? आणि मराठवाड्यात तर होडी ही बातमी व्हायलाही वेळ लागतो. जायकवाडीच्या फुगवट्यातल्या भिव धानोऱ्याची मुलं थर्माकोलच्या तराफ्यावरून शाळेत जात होती, ही बातमी २०२३ मध्ये छापून आली, तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. ती मुलं निषेध करत नव्हती. ती शाळेत जात होती. त्यांच्यासाठीही भाषेकडे शब्द नव्हता.

आता आपल्या शब्दांकडे.

‘सत्याग्रह’ या शब्दाचा जन्म आपल्याला नीट माहीत आहे, अशी भाग्यवान उदाहरणं थोडी. १९०६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत हिंदी लोकांचा लढा सुरू झाला. इंग्रजीत त्याला ‘निष्क्रिय प्रतिकार’ अशा अर्थाचं नाव होतं. गांधींना ते खटकत होतं, कारण त्यात दुबळेपणाचा वास येत होता. त्यांनी ‘इंडियन ओपिनियन’मधून वाचकांना शब्द सुचवायला सांगितलं, बक्षीस ठेवलं. मगनलाल गांधींनी ‘सदाग्रह’ सुचवला. गांधींनी त्यात बदल करून ‘सत्याग्रह’ केला. एका अक्षराच्या फरकासाठी एवढा खटाटोप कशाला? कारण त्यांना कळत होतं की उद्या तुरुंगात जाणारा माणूस या शब्दाला धरून जाणार आहे. शब्द कच्चा असेल तर माणूसही डगमगेल.

या शब्दाला ‘जल’ जोडला गेला नर्मदेच्या खोऱ्यात. आपल्याच राज्यातल्या, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या मणिबेली आणि डोमखेडी या गावांनी तो प्रकार पाहिला. १९९९ च्या पावसाळ्यात डोमखेडीत मेधा पाटकर आणि त्यांचे सहकारी चढत्या पाण्यात ठाण मांडून राहिले. पोलिसांनी त्यांना बाहेर काढून ताब्यात घेतलं. पुढे २०१२ मध्ये मध्य प्रदेशातल्या खंडवा जिल्ह्यात, घोगलगावला, ओंकारेश्वर धरणाची पातळी वाढवल्याविरुद्ध गावकरी १७ दिवस पाण्यात उभे राहिले. पायांची कातडी सोलून निघाली. सप्टेंबरमध्ये सरकारने पातळी १८९ मीटरवर आणायचं मान्य केलं. २०१५ मध्ये त्याच गावात ११ एप्रिलपासून पुन्हा ३२ दिवस. म्हणजे घोगलगावची माणसं पाण्याबाहेर आली त्याच आठवड्यात सिॲटलला होड्या पाण्यात उतरत होत्या. जगाला त्यातला एकच शब्द ऐकू गेला.

जलसत्याग्रह या शब्दात साधन नाही. होडी नाही, वल्हं नाही, नुसतं शरीर आहे आणि आग्रह आहे. हट्ट आहे तो राहण्याचा : ही जमीन आमची, पाणी आलं तरी आम्ही इथेच. त्या शब्दाने माणसाला उभं राहायला सांगितलं.

आणि आता तो टोचणारा शब्द. ‘जलसमाधी’.

आपल्या भागात तहसील कार्यालयात दिलेली निवेदनं वाचा. पीकविमा असो, मावेजा असो, पूल असो, आरक्षण असो. शेवटची ओळ ठरलेली : ‘अन्यथा अमुक तारखेला जलसमाधी घेण्यात येईल.’ वर्तमानपत्रात मथळा येतो, ‘जलसमाधी आंदोलन’. हे दोन शब्द इतक्या सहज शेजारी बसले आहेत की आपल्याला काही खटकत नाही. पण शब्द उचलून बघा. ‘समाधी’ हे पतंजलींच्या योगाचं आठवं, शेवटचं अंग. चित्त पूर्ण स्थिर होणं. ‘जलसमाधी’ म्हटलं की मराठवाड्याला आठवावेत ते पैठणचे एकनाथ. १५९९ मध्ये त्यांनी गोदावरीत देह ठेवला अशी परंपरा आहे. त्यांच्या नावाने नाथसागर आहे. त्या जाण्यात कोणाकडे मागणी नव्हती, कोणाला इशारा नव्हता, तारीख देऊन अधिकाऱ्याची वाट पाहणं नव्हतं. आयुष्य पूर्ण झालं होतं. समाधी ही जगण्याच्या शेवटी येते. न्याय न मिळालेल्याचं जगणं तर अजून सुरूच व्हायचं असतं. त्याला हा शब्द कसा लागू पडेल?

२३ जुलै २०१८ रोजी त्याच गोदावरीत, कायगाव टोका इथे, आरक्षणाच्या मागणीसाठी जाहीर झालेल्या जलसमाधी आंदोलनात एका शेतकरी घरातल्या तरुणाचा जीव गेला. दुसऱ्या दिवशी बंद पाळला गेला. त्या तरुणाचं नाव घेऊन आम्ही इथे काही सिद्ध करणार नाही. त्याच्या दुःखावर कोणाचाच मुद्दा उभा राहू नये. पण त्या दिवशी शब्दाने आपला शब्दशः अर्थ वसूल केला, हे आम्ही विसरू शकत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. लोक म्हणतात, ‘सर, साध्या निवेदनाला कोणी विचारत नाही. जलसमाधी लिहिलं तरच तहसीलदार येतात, पोलीस येतात, बोलणी होतात.’ हे नाकारण्यात अर्थ नाही. नर्मदेच्या लढ्यातही १९९३ मध्ये जलसमर्पणाची घोषणा झाली होती आणि त्यानंतरच केंद्राने प्रकल्पाचा फेरविचार करायला पाच जणांचा गट नेमायचं मान्य केलं. म्हणजे इशारा चालतो.

पण तो किती वेळा चालतो? इशाऱ्याचं नाण्यासारखं आहे. जितकं जास्त पाडाल तितकी किंमत उतरते. पहिल्या निवेदनाला अधिकारी धावत येतो. दहाव्याला शिपाई येतो. विसाव्याला कोणीच येत नाही, आणि काठावर उभ्या असलेल्या पोरापुढे दोनच वाटा उरतात : हसं होऊन घरी जाणं किंवा शब्द खरा करणं. ही वाट त्याच्यासाठी त्या शब्दाने आखली. निवेदनाचा मसुदा करणारा काठावर नसतो, काठावर असतो तो पोरगा. नर्मदेच्या घोषणेमागे वर्षानुवर्षांची संघटना, कागदपत्रं, अभ्यास होता. आपल्या शेवटच्या ओळीमागे अनेकदा फक्त मथळ्याची आशा असते.

हेही नवीन नाही. ‘धरणे’ हा आज अगदी साधा शब्द. पूर्वी सावकार किंवा ब्राह्मण देणेकऱ्याच्या दारात उपाशी बसायचा, म्हणजे मेला तर पाप त्याच्या माथी. १८६० च्या भारतीय दंड संहितेत ५०८ कलमाखाली याचंच उदाहरण दिलं होतं, धरणे या शब्दासकट. १९२१ मध्ये कलकत्त्याच्या विद्यार्थ्यांनी तसं धरणं धरलं तेव्हा गांधींनी त्याला रानटीपणाचा अवशेष ठरवलं. पण पुढे त्याच शब्दातला मृत्यू गळून गेला आणि उरलं ते बसणं. आज जिल्हाधिकारी कार्यालयापुढे लोक धरणे देतात, संध्याकाळी घरी जातात, उद्या पुन्हा येतात. भाषेने एका शब्दातलं विष असं उतरवलं आहे. ‘जलसमाधी’चा प्रवास मात्र उलटा चालला आहे. शांत शब्दात आपण विष भरतो आहोत.

म्हणून आम्हाला त्या परक्या, थोड्याशा खेळकर शब्दाचं महत्त्व वाटतं. त्याच्या खोटी आम्ही सांगितल्या. तो माणसं झाकतो, कारण सांगत नाही. पण त्याच्यात एक गोष्ट आहे : तो तरंगतो. त्या नावाचा माणूस पाण्यात उतरला तर बुडायला उतरत नाही. आज अटक झाली तर सुटल्यावर पुन्हा वल्हं हातात घेईल, अशी सोय त्या नावातच आहे. बाल्टिमोरच्या लोकांना आणि वरळीच्या कोळ्यांना नाव मिळालं नाही, पण त्यांची रीत तीच होती. वाट अडवायची आणि तगायचं.

मग मराठीत काय म्हणावं? ‘नौसत्याग्रही’ व्याकरणात बसतो, तोंडात बसत नाही. ‘होडीमोर्चा’ बसतो. ‘मोर्चा’ हा शब्दही एकेकाळी लढाईतल्या खंदकाचा होता, आता रस्त्यावर चालणाऱ्यांचा झाला, उद्या पाण्यावरचा होईल. पण जबरदस्तीने शब्द काढायची गरज नाही. गरज पडली की लोक काढतील, ध्वनी जुळला तर टिकेल. आमचा आग्रह शब्द घडवण्याचा नाही, निवडण्याचा आहे. ठिय्या, धरणे, रास्ता रोको, घेराव, जलसत्याग्रह : आपल्याकडे असे पुष्कळ शब्द आहेत, ज्यांतून माणूस दुसऱ्या दिवशी घरी परततो.

या सभागृहात ग्रामपंचायतीचे लोक आहेत, पत्रकार आहेत, निवेदनं लिहून देणारी तरुण मुलं आहेत. त्यांच्याकडे एकच मागणं. पुढचं निवेदन लिहाल तेव्हा शेवटच्या ओळीशी थांबा. जो शब्द लिहिताय, तो खरा झाला तर कोणाच्या घरी खरा होईल, हे एकदा मनात आणा. आणि बातमी देताना ‘जलसमाधी आंदोलन’ असा मथळा करण्याआधी, लोक प्रत्यक्षात काय करणार आहेत ते लिहा. पाण्यात उभे राहणार आहेत, होड्या आडव्या लावणार आहेत की पुलावर बसणार आहेत, तेच लिहा. मागणी तेवढीच जोरात पोचेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.